१:९ नॉर्टन मँक्स: सगळं चंदेरी एकसारखं दिसू नये म्हणून

सुईदोरा (धागाकर्ता)

मोटारसायकलच्या मॉडेलमध्ये झाकायला जागा नसते. कारच्या मॉडेलला बॉनेट लावलं की निम्मं पाप पोटात जातं. इथे इंजिन, फ्रेम, चाकं, केबल सगळं उघड्यावर. त्यातून जुनी ब्रिटिश रेसिंग मशीन घेतली तर आणखी पंचाईत, कारण तिच्यावर रंग असे दोनच: काळा आणि चंदेरी. आणि त्या चंदेरीत सहा-सात वेगवेगळे धातू दडलेले असतात. बहुतेक मॉडेलं इथेच फसतात. एकच डबी उघडली, सगळ्या सुट्या भागांवर मारली, आणि झालं खेळणं तयार.

धाग्यासाठी नमुना म्हणून १९५१ची नॉर्टन मँक्स ५०० घेऊ. प्रोटार या किट-कंपनीचा जुना १:९ साचा, जो पुढे इटालेरी कंपनीच्या डब्यातही आला. फेदरबेड फ्रेम १९५० साली आली, रेसर जेफ ड्यूकने त्याच वर्षी सीनियर टीटी (आइल ऑफ मॅन बेटावरची ५००ची शर्यत) जिंकली, आणि १९५१पासून गिऱ्हाइकांनाही हीच फ्रेम मिळू लागली. ड्यूकच्या हातातली फॅक्टरीची मशीन आणि विकायची मँक्स यांत फरक होता, तेव्हा फोटो गोळा करताना आपण कुठली करतोय ते आधी ठरवा. आणखी एक सापळा: १९५४पासून ५०० इंजिनाचा स्ट्रोक कमी झाला (८६ × ८५.६ मिमी). त्याआधीचं इंजिन ७९.६ × १०० मिमीचं, म्हणजे उभट. रिस्टोअर केलेल्या गाड्यांच्या फोटोंत नंतरचे भाग सर्रास बसवलेले असतात.

आता धातू. रंगकामाआधी कागदावर सुट्या भागांची यादी करून प्रत्येकापुढे धातू लिहून काढा. माझा आग्रह आहे की ही यादी झाल्याशिवाय एकही डबी उघडू नये.

टाकी: चंदेरी *रंग*. धातू नव्हे. काळी आणि लाल रेघ.
क्रँककेस, चाकांचे निमुळते हब: मॅग्नेशियम मिश्रधातू. अॅल्युमिनियमपेक्षा गडद, मंद, किंचित तपकिरी झाक.
सिलिंडर, हेड: ओतीव अॅल्युमिनियम, रवाळ आणि मॅट.
रिम: अॅल्युमिनियम, पण पॉलिश केलेलं.
नट-बोल्ट: कॅडमियमचा मुलामा. पांढरट राखाडी, चमक जवळजवळ नाही.
व्हॉल्व्हच्या हेअरपिन स्प्रिंगा: पोलाद, निळसर काळपट. मँक्समध्ये त्या उघड्याच असतात, कॅमबॉक्सखाली (हेडवरची कॅमची पेटी) स्पष्ट दिसतात.
क्रोम: अगदी थोडं. डब्यात जेवढं चमकतं त्याच्या चौथाईसुद्धा नाही.

एअरब्रश ०.३ मिमीचा धरून बोलतोय. पहिला विषय अर्थात अस्तर, म्हणजे प्रायमर. गुळगुळीत हवं तिथे (टाकी, फ्रेम, रिम) मिस्टर सर्फेसर १५००, पातळ करून. ओतीव धातूला उलट: सर्फेसर १००० कमी पातळ करून २० सेंमीवरून मारायचा. थेंब हवेतच अर्धे सुकतात आणि पृष्ठभागावर वाळूच्या साच्यासारखा रवा येतो. याला फुकटचा पोत म्हणा. क्रँककेसला हा हवाच.

---

काळा_एनॅमल

उत्तम सुरुवात. फ्रेमबद्दल भर घालतो, कारण "काळी आहे, काय त्यात" म्हणून ती सगळ्यात वाईट रंगवली जाते.

फेदरबेड ही रेनॉल्ड्स ५३१ नळ्यांची, ब्राँझ वेल्डिंगने जोडलेली फ्रेम. तिच्याआधीच्या फ्रेमांसारखे ओतीव लग (नळ्या खोचायचे सांधे) नाहीत. म्हणजे दोन नळ्या जिथे मिळतात तिथे मऊ, किंचित फुगीर सांधा असतो, खोबणी नसते. किटमध्ये फ्रेम डाव्या-उजव्या अर्ध्या भागांत येते आणि जोड नेमका नळीच्या मधोमध. तो जोड नुसता घासून सपाट केला की नळी गोल राहत नाही, चपटी होते. पद्धत अशी: सॉल्व्हंटचा गोंद जरा सढळ लावून दोन्ही अर्धे दाबायचे, वितळलेलं प्लास्टिक बाहेर फुगलं पाहिजे. २४ तास हात लावायचा नाही. मग सुरीची धार आडवी धरून खरवडायचं, आणि ४०० नंबरच्या पॉलिश पेपरची ३ मिमी रुंद पट्टी बूट पुसतात तशी नळीभोवती ओढायची. नंतर ६००, १०००. सांध्याचा फुगवटा पुट्टीने द्यायचा, बोटाने नाही, ओल्या टूथपिकने.

रंग: खऱ्या फ्रेमवरचा भट्टीत भाजलेला एनॅमल जाड बसतो, कडा गोलसर करतो. म्हणून इथे दोन ओले थर चालतात, उलट शोभतात. पण डबीतला शुद्ध काळा १:९ला फार काळा दिसतो, आकार गिळतो. १० भाग एलपी-१ काळ्यात अर्धा भाग गडद तपकिरी. (धाग्यातले एलपी, एक्स, एक्सएफ हे सगळे तामिया कंपनीच्या रंगांचे नंबर.) डोळ्याला तपकिरी कळत नाही, पण नळीची गोलाई दिसायला लागते.

---

नवा_गडी

वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न. किटमधले क्रोमचे भाग आहेत तसे वापरले तर काय बिघडतं? चमकतात की छान.

---

सुईदोरा

@नवा_गडी, बाळबोध नाही. तीन गोष्टी बिघडतात. एक, साच्याच्या रेघा त्या मुलाम्याखाली गाडलेल्या असतात, घासल्या की मुलामा जातो. दोन, स्प्रूपासून (भाग ज्या प्लास्टिकच्या दांडीला जोडून येतात ती) तोडलेल्या जागी पांढरा ठिपका राहतो. तीन, मुलाम्यावर प्लास्टिकचा गोंद धरतच नाही.

काढणं सोपं आहे. मुलामा म्हणजे अॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर. कपडे धुवायच्या ब्लीचमध्ये (सोडियम हायपोक्लोराइट) बुडवून ठेवा, थोड्याच वेळात गायब. त्याखाली बहुधा पिवळसर लॅकर उरतो आणि तोच बारीक तपशील बुजवतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काही तास ठेवून जुन्या टूथब्रशने घासला की निघतो. दोन्ही द्रवांच्या मध्ये भाग साध्या पाण्याने भरपूर धुवायचे. ब्लीच आणि अल्कोहोल एकत्र येऊ द्यायचे नाहीत. ब्लीच आणि अॅसिड, किंवा ब्लीच आणि अमोनियावाला क्लीनर तर अजिबात नाही, विषारी वायू निघतो. खिडकी उघडी, हातमोजे.

---

खरखरीत

क्रोमचा विषय निघालाच आहे तर काळाचा घोळ सांगून ठेवतो, कारण इतर गाड्या करणाऱ्यांनाही लागेल. मोटारसायकलींवर क्रोम १९२०च्या दशकाच्या अगदी शेवटी आला. त्याआधी निकेल. निकेल उबदार, पिवळसर चमकतो. क्रोम थंड, निळसर. १९२५च्या मॉडेलवर झगझगीत निळसर क्रोम पाहिला की बाकीचं काम कितीही चांगलं असो, दाताखाली खडा येतो. निकेलसाठी क्रोमच्याच थरावर क्लिअर यलो एक्स-२४ आणि स्मोक एक्स-१९, १:१, थिनरमध्ये १० पट पातळ करून एक हलका फवारा.

क्रोमसाठी: खाली चकचकीत काळा, त्यात धुळीचा कणही नको. किमान ४८ तास सुकू द्या. वर अॅल्क्लॅड क्रोम (एअरब्रशचा धातुरंग), न पातळ करता, ०.८ ते १ बार, ७-८ सेंमीवरून, भुतासारखे पातळ फवारे. चार-पाच. काळा "पूर्ण झाकला" असं वाटेपर्यंत मारलात तर क्रोम गेला, नुसती चांदी उरली. थोडा काळा आतून डोकावला पाहिजे, क्रोमची खोली तिथूनच येते.

वरून वार्निश नको. कुठलंही वार्निश क्रोमचं अॅल्युमिनियम करतं. बारीक जागांना मोलोटोचं लिक्विड क्रोम पेन चालतं, पण त्याला दोन-तीन दिवस सुकायला द्या, नाहीतर बोटाचा ठसा कायमचा.

---

नऊपट

मापांचं काम माझ्याकडे लागलं. खालचे आकडे खऱ्या मापाला ९ने भागून काढलेत, कोणीही पडताळावेत.

१९ इंची रिम: ४८२.६ मिमी, मॉडेलवर ५३.६.
१० गेजचा स्पोक: ३.२५ मिमी, मॉडेलवर ०.३६.
७ मिमीची प्लगची वायर: ०.७८.
५ मिमीची क्लच केबल: ०.५६.
५/८ इंच पिचची चेन: १५.९ मिमी, मॉडेलवर १.७६.
५/१६ बीएसएफ (जुनं ब्रिटिश आट्यांचं माप) नट, समोरासमोरच्या बाजू: १३.३ मिमी, मॉडेलवर १.४८. म्हणजे १.५ मिमीचा षटकोनी प्लास्टिक रॉड कापत गेलात की नट तयार.
३ मिमीची टाकीवरची रेघ: ०.३३.

शेवटचा आकडा भिंतीवर लावा. किटच्या डिकॅलवर (पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चित्र) रेघ ०.७-०.८ची असेल तर ती खऱ्या गाडीवर ७ मिमी रुंद झाली. पट्टाच की तो!

---

नवा_गडी

टाकीला चंदेरी मारली, पण ढग आलेत. एका बाजूने उजळ, दुसरीकडे काळपट. पुन्हा मारली तर आणखी वाढले. कारण काय?

---

खरखरीत

चंदेरी रंगात अॅल्युमिनियमच्या सूक्ष्म चकत्या असतात. थर ओला पडला की त्या तरंगतात आणि रंग साचला तिथे एका दिशेला आडव्या होतात. तेच तुमचे ढग. ओल्यावर आणखी ओला थर मारला की वाढणारच.

आता घासत बसू नका. पूर्ण सुकू द्या, २००० नंबरने पाण्यात हलकं फिरवा, फक्त उंचवटे जाण्यापुरतं. मग रंग एक भाग, मिस्टर लेव्हलिंग थिनर दोन भाग. पहिले दोन थर ८-१० सेंमीवरून, नेहमीसारखे. शेवटचा थर १५ सेंमीवरून, दाब कमी करून, जवळजवळ कोरडा, सगळ्या दिशांनी. हात थांबवायचा नाही, टाकीच्या बाहेरून सुरू करून बाहेरच संपवायचा. चकत्या विस्कळीत बसतात आणि टाकी एकसंध दिसते.

आणि सुईदोरांचं वाक्य लक्षात घ्या: टाकी रंगवलेली आहे, धातूची दिसता कामा नये. एलपी-११ सिल्व्हरमध्ये दहावा हिस्सा फिकट राखाडी घाला. खाली काळा नको, फिकट राखाडी प्रायमर. वरून चकचकीत क्लिअर. शेजारच्या पॉलिश अॅल्युमिनियमपासून ती लगेच वेगळी पडते.

---

चिमटेवाला

रेघांवर आलोच. डिकॅल विसरा. हाताने आखा.

वर लॅकर क्लिअरचे दोन-तीन थर, चार-पाच दिवस पूर्ण कडक. त्यावर रेघ *एनॅमल* रंगाने. कारण साधं आहे: रेघ चुकली तर व्हाइट स्पिरिटमध्ये बुडवून पिळलेल्या सपाट ब्रशने ती पुसता येते आणि खालच्या लॅकरला धक्का लागत नाही. वीस वेळा चुका, टाकी जशीच्या तशी. हे उलट केलंत, म्हणजे एनॅमलवर लॅकर, तर सुरकुत्या पडून सगळं उकलून काढावं लागेल.

हत्यार: ड्रॉइंगच्या पेटीतलं रूलिंग पेन. दोन पात्यांमधला स्क्रू फिरवून फट ०.३वर आणायची, एनॅमल दुधाएवढा पातळ, ब्रशने पात्यांमध्ये एक थेंब सोडायचा, टोकात बुडवायचं नाही. आधी काचेवर किंवा जुन्या चमच्याच्या पाठीवर दहा रेघा. चमचा यासाठी की टाकीसारखाच वळणदार असतो. टाकीवर कडेला वाकवता येणारी १ मिमी टेप लावून पेनचं पातं तिच्या काठाला टेकवून ओढायचं. पेन उभं धरा. तिरकं धरलंत की रंग टेपखाली ओढला जातो आणि रेघेला मिशा फुटतात.

आधी काळी, दुसऱ्या दिवशी लाल. लाल रेघ काळीपेक्षा बारीक. नंतर वर क्लिअर मारायचा असेल तर पहिले दोन फवारे धुक्याइतके, नाहीतर लॅकरचा थिनर एनॅमलला उचलेल.

---

नऊपट

अर्धवट सहमत. हाताने आखलेली रेघ जिवंत दिसते, मान्य. पण गुडघ्याच्या खोलगट भागाभोवतीची छोटी वळणं पेनने जमायला महिने जातात. सरळ भाग पेनने, वळणं ०.४ मिमी मास्किंग टेपने झाकून एअरब्रशने, असा मधला मार्ग काढा. जोडावर फरक कळत नाही.

नावाच्या अक्षरांसाठी मात्र डिकॅल घ्यावंच लागतं. ते चकचकीत पृष्ठभागावरच बसवा. मॅटवर खाली हवा अडकून चंदेरी चट्टे दिसतात, आणि चंदेरी टाकीवर ते चट्टे शोधणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा. आधी सेटर (डिकॅल चिकटवणारा द्रव), जागा पक्की झाली की सॉफ्टर (ते मऊ करणारा). सॉफ्टर लावल्यावर डिकॅल सुरकुततं, हात लावू नका, सुकताना आपोआप ताणलं जातं.

---

काळा_एनॅमल

चिमटेवाल्यांचं पेन, नऊपटांची टेप, दोघांचं भांडण जुनंच आहे. :)

नंबरप्लेटचं कोणी बोललं नाही. टीटीत ५००च्या वर्गाला पिवळी प्लेट, काळे आकडे. ३५०ला निळी प्लेट, पांढरे आकडे. पिवळा डबीतला लिंबासारखा नको, त्यात चिमूटभर गेरूचा रंग. पिवळा झाकणीला कमजोर असतो, खाली पांढरा किंवा फिकट गुलाबी प्रायमर द्या, नाहीतर सात थर मारूनही हिरवट दिसेल.

---

सुईदोरा

मॅग्नेशियमवर सविस्तर लिहायचं राहिलं होतं. मँक्सचं खरं सौंदर्य तिथे आहे, आणि बहुतेकांनी तिथे सरळ अॅल्युमिनियम मारलेलं असतं.

मॅग्नेशियम उघडं ठेवलं तर पांढऱ्या भुकटीने खाल्लं जातं. म्हणून त्यावर क्रोमेटची प्रक्रिया करतात, आणि त्याने सोनेरी तपकिरीपासून काळपटपर्यंत रंग येतो. म्हणजे एकसारखा राखाडी कधीच नाही. कृती:

रवाळ सर्फेसर १०००. त्यावर एक्सएफ-५६ मेटॅलिक ग्रे, पूर्ण झाकून. सुकलं की एक्स-१९ स्मोक आणि क्लिअर ऑरेंज एक्स-२६, ४:१, भरपूर थिनर घालून, फक्त खोलगट भागांत आणि बोल्टांच्या बुडाशी. मग एक्सएफ-१६ फ्लॅट अॅल्युमिनियम ब्रशवर घेऊन, ब्रश कागदावर जवळजवळ कोरडा पुसून, कडांवर अगदी हलका. हातापायांनी घासून उजळ झालेल्या जागा असतात त्या: गिअरबॉक्सची कडा, फूटरेस्टजवळचा भाग. हबच्या कडेला करू नका, तिथे बूट लागत नाही.

सिलिंडरच्या पात्यांना वेगळा न्याय. फ्लॅट अॅल्युमिनियम, मग पात्यांच्या मधल्या फटींत काळा-तपकिरी एनॅमल वॉश (फटींत उतरणारा अगदी पातळ रंग), २:१. फटी संपूर्ण काळ्या करायच्या नाहीत. मुळाशी गडद, तोंडाशी फिकट. वॉश भरून अर्ध्या तासाने पात्यांच्या कडा पिळलेल्या कापसाच्या काडीने पुसल्या की आपोआप तसं होतं.

एक धोका: एनॅमलचा थिनर ताणाखाली असलेल्या उघड्या प्लास्टिकमध्ये शिरला की प्लास्टिक तडकतं. इंजिनाचे अर्धे जिथे स्क्रूने घट्ट आवळलेले असतात, तिथे दुसऱ्या दिवशी बोल्टाच्या भोकापासून चीर निघालेली दिसते. म्हणून वॉशआधी क्लिअरचा थर, आणि स्क्रू वॉश सुकल्यावरच पुरते आवळायचे.

---

चिमटेवाला

एक्झॉस्टच्या रंगांचा क्रम उलटा करणाऱ्यांसाठी.

पोलाद तापलं की २२०-२३० अंश सेल्सियसला फिकट गवती, २५५च्या आसपास तपकिरी, २८०ला जांभळं, ३००ला निळं. त्यापुढे मंद राखाडी. म्हणजे हेडच्या तोंडाशी, जिथे सगळ्यात जास्त ताप, तिथे राखाडी-निळं; तिथून मागे जाताना निळं, जांभळं, तपकिरी, गवती आणि मग मूळ धातू. अनेक मॉडेलांवर तोंडाशी पिवळा आणि मागे निळा दिसतो. म्हणजे इंजिन सायलेन्सरमध्ये आहे!

क्लिअर यलो एक्स-२४, क्लिअर रेड एक्स-२७, क्लिअर ब्लू एक्स-२३, प्रत्येक थिनरमध्ये किमान १० पट पातळ. सगळ्यात रुंद पट्टा आधी पिवळा, त्याच्या आत अरुंद लाल (पिवळ्यावर तपकिरी होतो), त्याच्या आत निळा (लालवर जांभळा होतो). सगळा पट्टा ६-७ मिमीपेक्षा जास्त नको, इंद्रधनुष्य काढायचं नाहीये. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पट्टा थोडा लांब, तिथे गरम वायू आपटतो.

---

नवा_गडी

स्पोकचं काय? किटमधले जाडजूड आहेत. बदलणं झेपेल का?

---

नऊपट

झेपेल, पण चाक हाच वेगळा प्रकल्प समजा.

नकोच असेल तर: किटच्या स्पोकांची मागची बाजू पॉलिश पेपरने घासून जाडी निम्मी करा, पुढून मंद चंदेरी, मागून काळा. काळी बाजू सावलीत मिसळते आणि स्पोक निम्मे बारीक दिसतात. आळशी पण प्रामाणिक युक्ती आहे.

बदलायचेच तर: ०.३५ मिमी स्टीलची तार. गिटारची ०.०१४ इंची तार म्हणजे ०.३६ मिमी, म्हणजे नऊपटीत १० गेजच. रिमला ०.४च्या ड्रिलने भोकं. ड्रिल हातातच फिरवायचं, मोटरने प्लास्टिक वितळतं. भोकांचा कोन महत्त्वाचा: हबच्या डाव्या कडेला जाणारी भोकं डावीकडे तिरकी, उजवीची उजवीकडे. सरळ पाडलीत तर प्रत्येक स्पोक रिमपाशी वाकेल.

किटचे मूळ स्पोक कापण्याआधी एक साचा करा. प्लास्टिकच्या जाड पत्र्यावर रिम आणि हब मूळ चाकाच्या अंतरावर चिकटपट्टीने पक्के. त्याशिवाय हब मध्यावर राहणार नाही आणि चाक डुगडुगेल. रंग आधी, स्पोक नंतर. हब आणि रिम रंगवून सुकल्यावर ओवायचे. निपल (स्पोक रिमला आवळणारा लांबट नट) म्हणून ०.७ मिमी बाहेरचा व्यास असलेल्या पितळी नळीचे २ मिमी तुकडे, निपल खऱ्या गाडीवरही वेगळ्या रंगाचे उठून दिसतात.

सुपरग्लू थेंबभरच, आणि सगळ्यात शेवटी.

---

खरखरीत

सुपरग्लूवरून आठवलं. त्याची वाफ क्रोमवर आणि चकचकीत काळ्यावर बसली की पांढरं धुकं येतं, आणि ते पुसून जात नाही. क्रोमच्या आसपास दोन भागांचा इपॉक्सी वापरा. आणि ज्या जागी गोंद लागणार तिथला रंग आधीच खरवडा. रंगावर चिकटवलेला भाग म्हणजे रंगाला चिकटलेला भाग. रंग निघाला की तोही खाली.

रंगाच्या जाडीचंही भान ठेवा. प्रायमर, रंग आणि क्लिअर मिळून प्रत्येक पृष्ठभागावर सहज ०.१ मिमी होतात. आसाच्या पिनेवर आणि भोकातही धरले तर पीन बसतच नाही, जोर लावला की फोर्क मोडतो. भोकं रंगवण्याआधी मास्किंगच्या बोळ्याने बंद करा.

---

काळा_एनॅमल

टायर. किटचे टायर व्हायनिलचे असतील तर दोन गोष्टी. साच्याची रेघ ट्रेडच्या मधोमध असते, ती ३२० नंबरने घासायची, टायर पिनेवर चढवून फिरवत. त्याने ट्रेड आपोआप वापरल्यासारखी मॅट होते. कडेची भिंत घासू नका, ती अर्धी चकचकीतच असते, वर एक्सएफ-८५ रबर ब्लॅक पातळ करून फक्त एक धुकं.

दुसरं, व्हायनिलमधला प्लास्टिसायझर हळूहळू बाहेर येतो आणि स्टायरीनच्या रिमला वितळवतो. काही वर्षांनी टायर उचकटला तर रिम चाटल्यासारखी दिसते. रिमच्या आतल्या बाजूला, जिथे टायर बसतो, लॅकर क्लिअरचे दोन थर किंवा पातळ फॉइल. व्हायनिलच्या नळ्यांवर एनॅमल रंग तर लावूच नका, तो कधीच सुकत नाही, चिकटच राहतो.

---

नवा_गडी

नळ्यांवर एनॅमल लावून बसलोय. काय करू?

---

काळा_एनॅमल

काढून टाका. शिशाच्या किंवा टिनच्या ०.५ मिमी तारेने केबल करा, ती वाकवली तिथे राहते, व्हायनिल उसळून परत येते. केबल लावण्याआधी हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून बघा. खऱ्या केबलला वळण्यापुरता झोळ असतो. टोकाला इन्सुलेशन सोललेल्या वायरचं १ मिमी टरफल चढवलं की फेरूल, म्हणजे केबलच्या टोकाची टोपी. आणि काळा मॅट नको, किंचित तपकिरी अर्धचकचकीत.

---

चिमटेवाला

सुईदोरा, मशीन नुकतीच शर्यत संपवून आल्यासारखी करणार की शोरूमची?

---

सुईदोरा

शर्यतीनंतरची. पण चिखल, गंज काही नाही. या मशीन दर शर्यतीनंतर पुसल्या जायच्या. फक्त तेल, आणि तेही नेमक्या जागी.

मँक्समध्ये तेलाची पहिली जागा कॅमबॉक्स. स्प्रिंगा उघड्या, त्यामुळे तेल हेडच्या पात्यांवर उतरतं. कॅमला हालवणारा बेव्हल शाफ्ट उजव्या बाजूला, तिथल्या नळीच्या खालच्या सांध्यापाशीही थोडं. दुसरी जागा डावी बाजू: प्रायमरी चेन (इंजिनापासून क्लचपर्यंतची) उघडी, मागची चेनही डावीकडे. चेनचं तेल फिरताना बाहेर फेकलं जातं, म्हणून मागच्या रिमच्या डाव्या अंगाला, आतून बाहेर जाणारे बारीक तुषार. उजव्या अंगाला नाही.

तेलासाठी एक्स-१९ स्मोकमध्ये थोडा क्लिअर ऑरेंज, चकचकीत ठेवायचा. मॅट तेल म्हणजे नुसती धूळ. पात्यांवर ०० ब्रशने वरून खाली ओढत, तळाशी थेंब साचू द्या. रिमवर ताठ ब्रश रंगात बुडवून टूथपिकने केस मागे ओढून सोडायचे, तुषार उडतात. ब्रश हबच्या बाजूला धरा, म्हणजे तुषारांची दिशा बाहेरच राहते. आधी कागदावर चार वेळा, आणि टाकीवर तोपर्यंत फडकं टाकून ठेवा.

---

नऊपट

आणि चेन काळी नको. बाजूच्या पट्ट्या पोलादी राखाडी, रोलर उजळ, फटींत तेच स्मोक-ऑरेंज. किटची चेन एकसंध प्लास्टिकची असेल तर वरच्या अंगाला मधोमध थोडी खाली वाकवा, गरम पाण्यात दहा सेकंद धरून. १:९ला २ मिमी झोळ म्हणजे खऱ्या गाडीवर १८ मिमी, तेवढा पुरे.